बोर्डावरची सातवी पट्टी

लग्न होऊन मी डोंबिवली सोडली त्या दिवशी आपली अख्खी बिल्डिंग खाली उतरलेली. मानपाडा रोडला गाडी उभी, मागे रिक्षांचे हॉर्न, नवऱ्याचे मामा घड्याळ बघतायत, आई पदर तोंडाला लावून उभी. आणि बाबा कुठेच दिसेनात. शोधलं तर जिन्याखाली होते. खांद्यावरच्या पंच्याने नावांचा बोर्ड पुसत होते. पूर्ण बोर्ड नाही, एकच पट्टी. सातवी. माझी.

मामा आपले गमतीत म्हणाले, "आता ही पट्टी बदलायला लागणार, मांडवकर. नाव बदललं की हो मुलीचं."

बाबांनी पंचा झटकला. "पोरगी जातेय," म्हणाले. "पट्टी राहील."

मग माझ्याकडे वळून, "पोचलीस की फोन कर," एवढंच. डोंबिवलीहून ठाण्याला चाललेले मी. लोक दुबईला जातात तेव्हाही घरचे याहून जास्त बोलत असतील.

हे आज लिहायला बसले कारण तुम्ही. साईकृपातली सोळा घरं. कोणी बदलापूरला गेलात, कोणी टिटवाळ्याला, सावंत काका मुलाकडे पनवेलला, आमची आई आणि भाऊ मंगेश कोपरला. आणि ग्रुपवर रोज एकच प्रश्न येतोय: "वैशूताई, फॉर्मवर कायमचा पत्ता काय लिहायचा?" बिल्डिंग पाडली, जागेवर पत्रे ठोकले, आत पोकलेन फिरतोय, आणि तुम्ही मला कायमचा पत्ता विचारताय. सांगते. पण आधी माझी कटकट ऐकून घ्या. तुमचे फॉर्म मी इतकी वर्षं भरले, तेवढा हक्क माझा बनतो.

आपल्या बोर्डाची गोष्ट नव्या सुनांना माहीत नसेल. लाकडी चौकट, त्यात खाली-खाली सोळा पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोन स्क्रूंवर. काळ्या रंगावर पांढरी अक्षरं. सगळ्या पट्ट्यांवर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव. आमच्या पट्टीवर मात्र लिहिलेलं: कु. वैशाली कृष्णा मांडवकर, बी.कॉम.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या घराण्यात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा सातवी शिकलेले. संगमेश्वरकडून आले, एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागले, आणि संध्याकाळी त्यांच्या नखांवरून कळायचं की आज कारखान्यात लाल चाललंय की निळं. आईला सही येते, वाचताना बोट ठेवून वाचते. निकाल लागला त्या रविवारी बाबांनी पेंटर आणला. मी मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला गेलेले. परत आले तर पट्टी रंगवून वाळत ठेवलेली आणि बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले, कोणी हात लावू नये म्हणून.

मला अभिमान वाटला. अजून वाटतो. खोटं कशाला बोलू? पहिला पगार झाला तेव्हा वाटला नाही इतका त्या पट्टीचा वाटला.

त्यानंतर बाबांना एक सवयच लागली. पोस्टमन येऊ दे, गॅसवाला येऊ दे, जनगणनेवाल्या बाई येऊ देत, "नाव काय?" विचारलं की बाबा स्वतःचं नाव सांगायचेच नाहीत. "खाली बोर्डावर आहे, बघा," म्हणायचे. माणूस मुकाट दोन जिने उतरायचा, वाचायचा, परत वर यायचा. बाबांचं तेवढ्याने दिवसभराचं पोट भरायचं. हळूहळू आईलाही तीच सवय लागली.

आणि बिल्डिंगला लागली माझी सवय. रेशनकार्डात नाव घालायचंय, वैशू. शाळेचा दाखला हवाय, वैशू. बँकेची स्लिप, विम्याचा अर्ज, मुलीच्या लग्नाची पत्रिका, सगळं सातव्या नंबरात. माझं लग्न होऊन मी ठाण्याला गेले तरी थांबलं नाही, फक्त कागदाऐवजी कागदाचे फोटो यायला लागले. मीही कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला जीभ वळली असती, पण बिल्डिंगमधली एकटी ग्रॅज्युएट असण्याचा तोरा जीभ वळू देत नाही.

आता रिडेव्हलपमेंट. माझ्या नावाने कोणी असं सांगू नये की वैशालीला जुनी बिल्डिंग पाडायची नव्हती. ठराव मीच लिहिलाय. स्लॅबच्या सळ्या बाहेर आलेल्या, पावसाळ्यात सावंत काकांच्या हॉलमध्ये तीन बादल्या, आणि आईचे गुडघे असे की खाली उतरली की परत चढायचं म्हणून बाजारात जायचंच टाळायची. लिफ्ट हवी होती. मी रोज ठाण्यात लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर जाते, माझं ऑफिस जिथे आहे तिथे पूर्वी कारखाने होते, आता सगळी काच आहे, आणि त्या काचेत बसून मी हिशेब तपासते याची मला काडीची लाज नाही. बाबांसारख्यांनी कारखान्यात नखं रंगवली म्हणून आम्ही काचेत बसलो. विकास व्हावा. फक्त तो करताना समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न नीट विचारावा, एवढीच माझी अपेक्षा. तीच जास्त निघाली.

बिल्डरचा सर्व्हे करणारा मुलगा बुधवारी दुपारी आला. मी ऑफिसात, मंगेश कंपनीत, वहिनी पोराला शाळेतून आणायला गेलेली. आई एकटी, सुकट निवडत बसलेली. पुढचं मला आईनेच सांगितलं, चांगलं हसत हसत, कारण तिला वाटलं झकास काम झालं.

"आजी, घर कुणाच्या नावावर?"

"खाली बोर्डावर आहे ना, बघा."

तो उतरला, फोटो काढला, वर आला. "वैशाली मांडवकर कुठे असतात?"

"ठाण्याला. मोठ्या ऑफिसात आहे."

"मग तुम्ही इथे कोण?"

"मी तिची आई."

त्याच्या फॉर्मात मालक आणि भाडेकरू असे दोनच रकाने होते. मालकाची आई भाडेकरूच्या रकान्यात गेली. जिने त्या घरात मंगेशला जन्म दिला, जिच्या नवऱ्याच्या ओव्हरटाइमवर ते घर उभं राहिलं, ती भाडेकरू. आणि घराची मालक कोण, तर कु. वैशाली कृष्णा मांडवकर, या नावाची बाई आता कुठल्याच कागदावर नाही. आधारवर मी वैशाली संदेश पवार आहे. पॅनवर तेच, बँकेत तेच. मांडवकर फक्त त्या पट्टीवर उरलेले.

सर्व्हेची यादी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागली तेव्हा सावंत काकांनी फोन केला. काका सेक्रेटरी, पण घाबरट. "वैशू, जरा गडबड झालीय," म्हणाले. मी म्हटलं एका अर्जाचं काम आहे, शनिवारी येते.

पाच शनिवार लागले.

ते शनिवार कसे गेले ते फक्त घोडबंदरहून डोंबिवलीला येणाऱ्यालाच कळेल. घराखाली मेट्रोचे खांब, खांबांभोवती पत्रे, पत्र्यांना वळसा घालून एक लेन, त्या लेनीत सगळं ठाणं. पुढे कल्याण-शीळ रोडवर पुन्हा खणलेलं. दर शंभर पावलांवर बोर्ड, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. पूर्वी क्षमस्व वाचून बरं वाटायचं, कोणीतरी माफी तरी मागतंय. आता वाटतं, बाबा रे, माफी नको, माझे दोन तास परत दे. नवरा म्हणायचा, "फोनवर कर ना काम." फोन केला की पलीकडून गाणं वाजायचं आणि मग मुलगी म्हणायची, "मॅडम, साइटवर येऊन भेटा."

बिल्डरचं ऑफिस तुम्ही बघितलंय. थंडगार एसी, मधोमध टेबलावर तीन टॉवरचं मॉडेल, प्लॅस्टिकची झाडं, खेळण्यातल्या गाड्या. डेस्कवरच्या मुलीने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"मॅडम, सिस्टीममध्ये तुमचंच नाव आहे की. लोक नाव घालायला येतात, तुम्ही काढायला आलात?"

मी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पुढे केलं. त्याच्यावर बाबांचं नाव. तिने त्यांच्या वकिलाला दाखवलं. वकील म्हणाला, "हे वारले ना? मग ट्रान्सफर का नाही केलं?"

आणि इथे, मंडळी, मी पकडले गेले. कारण तो अर्ज मी लिहायचा होता. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत मी तुमच्यातल्या सहाजणांचे वारसाचे अर्ज लिहिले, नॉमिनी बदलले, काकूंचं पेन्शन सुरू करून दिलं. आईचा राहिला. घरचाच आहे, करू सावकाश, असं म्हणत राहिला. चूक त्या सर्व्हेच्या पोराची, चूक दोन रकान्यांच्या फॉर्मची, पण पहिली चूक माझी. लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला हे ऐकवायला नको.

वकिलाने अट सांगितली. आधी मी प्रतिज्ञापत्र द्यायचं की घर माझं नाही. मग मी आणि मंगेश, दोघांनी आईच्या नावावर करायला हरकत नाही म्हणून सही द्यायची. मग सोसायटी आईचं नाव लावणार, मग करार. आणि घरं खाली करायची तारीख तीन आठवड्यांवर. तोवर करार झाला नाही तर आई हातात एकही कागद नसताना घराबाहेर पडणार. पंधरा घरांना परत यायची लेखी हमी, आणि सात नंबरला वकिलाची तोंडी: "होऊन जाईल, मॅडम."

त्या ऑफिसातून बाहेर आल्यावर मंगेश भडकला. आयुष्यात मी त्याला माझ्यावर ओरडताना ऐकलं नव्हतं.

"ताई, मी राहतो त्या घरात. आईला दवाखान्यात मी नेतो. पाण्याचा पंप बिघडला की सगळी बिल्डिंग मला उठवते. आणि मला सही द्यायची आहे, हरकत नाही म्हणून! हरकत घ्यायला माझं नाव होतं तरी कुठे?"

"अरे, कायद्याने..."

"कायदा सोड. मी आयटीआय केला, फिटर झालो, पहिल्या फटक्यात. आयटीआय लिहायला जागा नव्हती बोर्डावर?"

सतरा वर्षं मी ती पट्टी बघून सुखावत होते. रोज कामाला जाता-येता तीच पट्टी तोही बघत होता, हे माझ्या पदवीधर डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

त्याने रिक्षा थांबवली, "बस," म्हणाला. रिक्षात दोघंही बाहेर बघत बसलो.

प्रतिज्ञापत्रासाठी कल्याणला कोर्टाबाहेर गेले. छत्रीखाली टायपिस्ट बसलेला. मी घरून मसुदा लिहून नेलेला, दोन पानं, सगळ्या हकिकतीसकट. त्याने नजर फिरवली आणि बाजूला ठेवला.

"मॅडम, हा निबंध आहे. आपल्याकडे रेडिमेड आहे." आणि वाचायला लागला, "मी लिहून देते की, सदर घराशी माझा काहीही संबंध नाही..."

"हे वाक्य बदला."

"का?"

"संबंध आहे माझा. मालक नाही एवढंच लिहा."

त्याने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. साठीचा असेल. "ताई, दिवसाला दहा जणी येतात. सगळ्या याच वाक्याला अडतात. हे बिल्डरला सांगायचंय हो. आईला थोडंच सांगायचंय?"

केली सही. ज्या नावाने कुठलाच कागद नाही त्या नावाने, आणि त्याखाली 'लग्नानंतरचे नाव' म्हणून दुसऱ्या. मंगेशनेही त्याच्या कागदावर केली, न वाचता. मी म्हटलं, "वाच तरी." म्हणाला, "तू वाचलंयस ना? मग झालं." टोमणा होता की विश्वास, अजून विचारलेलं नाही.

करार झाला, तारखेच्या दोन दिवस आधी. श्रीमती सुमन कृष्णा मांडवकर. आईने प्रत्येक पानावर सही केली, एकेक अक्षर काढत, आणि मागे लाइनीत उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांना ताटकळत ठेवलं. मी घाई करणार होते, मंगेशने माझा हात दाबला. शेवटच्या पानावर आईने पेन खाली ठेवलं आणि त्या मुलीला विचारलं, "नव्या बिल्डिंगीत बोर्ड कुठे लावणार?"

"आजी, बोर्ड नसतो आता. लॉबीत फक्त फ्लॅट नंबर. डिझाइन तसं आहे."

"मग पोस्टमनला कळायचं कसं?"

मुलगी हसली. आई हसली नाही.

घर खाली करायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. तुमच्यापैकी अर्धेजण तेव्हा होतात. कपाटं उतरवताना जिन्याच्या कठड्याची जाळी काढावी लागली, साखरेचा डबा सांडला, आईने बंद दाराला हळदकुंकू लावलं आणि हमाल म्हणाला, "मावशी, रंग लागेल हाताला." सगळं झालं आणि मंगेशने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"काय करतोयस?"

"तुझी डिग्री काढतो. पोकलेनखाली जायला नको."

गंजलेले स्क्रू. एक निघाला, दुसऱ्याला तेल मागवलं. पट्टी हातात आली आणि मंगेश तिच्या मागच्या बाजूकडे बघत उभाच राहिला. मग माझ्याकडे दिली.

मागे पांढऱ्या, फुटलेल्या अक्षरांत: श्री. कृष्णा दाजी मांडवकर.

बिल्डिंग बांधली तेव्हाची, बाबांची स्वतःची पट्टी. तीच उलटी करून तिच्यावर माझं नाव काढलेलं. सतरा वर्षं बाबा त्याच दोन स्क्रूंवर होते, भिंतीकडे तोंड करून.

"आई, हे तुला माहीत होतं?"

"मग? मी तिथेच होते," आई म्हणाली. "पेंटर म्हणाला नवी पट्टी आणा. हे म्हणाले, लाकूड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं? हीच फिरव."

"अगं, मग त्या सर्व्हेवाल्याला का नाही सांगितलंस? सावंत काकांना? मला? पाच शनिवार मी बोंबलत फिरतेय!"

"तू विचारलंस कुठे? तू अर्ज लिहीत होतीस."

मंगेश जिन्याच्या पायरीवर बसून हसायला लागला, असा की टेम्पोवाला डोकावून बघायला लागला. "बाबांनी स्वतःचंच काढलं," तो म्हणत होता, "आणि मी इतकी वर्षं समजतोय माझं काढलं." मग त्याचं हसू मधेच थांबलं आणि त्याने तेलाचे हात शर्टाला पुसले.

मला ठाऊक आहे, ती पट्टी दाखवून वकिलाने काही ऐकलं नसतं. लाकडाच्या फळीला कोण विचारतो? पण इतक्या ऑफिसांत इतके कागद नाचवले, त्यात शेअर सर्टिफिकेट सोडलं तर घर कोणाचं हे सरळ सांगणारी वस्तू एवढी एकच होती, आणि ती उलटून बघायचं माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला सुचलं नाही.

तर, कायमचा पत्ता. जुनाच लिहा. बिल्डिंगचं नाव, मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व, सगळं. कोणी विचारलं की तिथे आता काय आहे, तर म्हणा खड्डा आहे, आमचा आहे.

परवा कोपरला गेलेले. भाड्याचं घर, मालकाने आधीच बजावलेलं की भिंतीत खिळा मारायचा नाही. म्हणून पट्टी फ्रिजवर उभी केलीय, भिंतीला टेकून. आई धूळ पुसते आणि ज्या बाजूने हातात येईल तशी परत ठेवते. या वेळी बाबा पुढे होते. चहा पिता पिता माझी नजर तिकडेच जातेय हे मंगेशने बघितलं.

उठला, पट्टीला हात घातला. "फिरवू का, ताई?"

"राहू दे," मी म्हटलं.